आठ ते बारा

रात्री आठला शिफा लॅपटॉप आणते,
सुकट निवडायच्या फळीवर ठेवते, मागे उशी लावून.
"नाना, आज कुठला?"
जणू मला नावं माहीत आहेत.

बत्तीस वर्षं जहाजावर होतो, ऑइलमन.
साखरी नाट्याच्या जेटीवर अजून म्हणतात,
इस्माईलने जग पाहिलं.
पाहिलं की, प्रेशरच्या काट्यावर.
शनिवारी वर डेकवर सिनेमा असायचा,
अमेरिकन, जुना, कुठल्यातरी बंदरातून भाड्याने आणलेला,
हॅचवर चादर ताणून.
आणि माझी पाळी आठ ते बारा,
शनिवार असो की ईद.

जहाज नांगरावर असलं, मोठं इंजिन गप्प असलं,
की वरच्या झरोक्यातून सिनेमा खाली गळायचा.
टापा. दार. पिआनो.
मग एका बाईचा आवाज, जरा घोगरा,
रात्रभर जागल्यासारखा.
इंग्रजी मला तेव्हा व्हॉल्व्हपुरतं येत होतं.
तिला मी उंच केली. कमरेपर्यंत केस दिले.
एकदा तर (जैनब आत आहे म्हणून सांगतो)
हिरव्या बांगड्या भरल्या तिच्या हातात.

आता दिसली.
बुटकी. केस कानापर्यंत.
सिगारेट मुठीत धरते, आमचा लतीफ धरायचा तशी.
मी म्हटलं, ही ती नव्हे.
"हीच ती नाना, नाव आलंय बघा."
नाव आलं असेल.

असे बरेच हिशेब चुकले.
ज्या गोळीबारात माझ्या मते दोन माणसं मेली
त्यात मेला होता एक घोडा.
एक माणूस टोपी घालतो, काढतो, परत घालतो.
एवढ्यासाठी वरचे लोक शिट्ट्या मारत होते?
जैनब चष्म्याशिवाय बघते, विचारते,
"हा तिचा कोण?"
मला काय माहीत.
"इतका भांडतोय म्हणजे नवराच," ती म्हणते
आणि सुकटीतला शिंपला उचलून अंगणात फेकते.

कालचा मात्र मी ओळखला.
पडद्याकडे बघून नाही. डोळा लागत होता, तेव्हा.
बसऱ्याबाहेर धक्का मिळेना म्हणून
एकवीस दिवस उभे होतो आम्ही,
तीन शनिवार हाच एक सिनेमा.
आधी बशा फुटतात. मग घंटा. मग कुत्रं.
मग ती एकच शब्द बोलते,
आणि इथे अख्खं डेक हसायचं,
सगळ्यांचं थांबलं की मागून एकटा सुकऱ्या पावसकर,
खोकल्यासारखा,
आणि त्याला लतीफची शिवी,
आणि त्या शिवीवर पुन्हा सगळे.
खाली मीही हसायचो, हातात तेलाचा डबा,
कशाला ते ठाऊक नसताना.

लॅपटॉपवर बशा फुटल्या.
घंटा. कुत्रं.
ती बोलली,
आणि लगेच पुढचा सीन.

"थांब," मी म्हटलं. "इथे कापलंय."
शिफाने मागे घेतलं. पुन्हा बशा.
पुन्हा तो शब्द, पुन्हा रस्ता, मोटार.
"काही कापलं नाही नाना. पूर्ण कॉपी आहे ही,
साफ केलेली. आधीच्यात खरखर होती म्हणे."

सुकऱ्याला जाऊन अकरा वर्षं झाली.
लतीफ फणसोपला असतो, कानाने गेला,
फोन केला तर आपलंच बोलत सुटतो,
कोळंबीचा भाव, जावयाची गाडी.

"परत लाव," मी म्हटलं, आणि डोळे मिटले.
बशा. घंटा. कुत्रं.
शब्द.
मोटार सुरू व्हायच्या आत
जैनब हसली. मोठ्याने, सुपावर हात ठेवून.
"अगो, म्हणजे बशा त्याने मुद्दाम फोडल्या?"

शिफा म्हणाली, "नानी, अर्धा तास झाला त्याला."

बाराला मी उठलो, सवयीने.
शेवट बघायचा राहिला.